हिरूतचं बस्तान

३ ऑगस्ट, शनिवार. सकाळ
आजपासून रोज लिहीन. चौथी शिकली आहे, हात वळते. डायरी बाहेरदेशच्या पोरींची सोय पाहणाऱ्या संस्थेच्या आकांक्षा मॅडमनं दिली. म्हणे, लिहिलं की मन मोकळं होते. माझं मन मोकळंच आहे. पोरीची नोंद ठेवा लागेल म्हणून घेतली.

पोरगी म्हणजे हिरूत. इथिओपियाची. स्कॉलरशिपवर अकोल्याले कापसाचं शिकायले आली. स्कॉलरशिपची अट आहे, दर रविवारी समाजसेवा करा लागते. तीन महिने माझ्या वरच्या खोलीत राहणार, मग ठरणार, इथंच की दुसरीकडे. अख्ख्या जठारपेठेतून माझंच घर निवडलं. लेक दामिनी अमरावतीहून फोनवर म्हणे, आई, जरा गोड बोलजो. मी कधी कडू बोलली?

ठराव: महिन्याभरात पोरगी वऱ्हाडी करून दाखवते. इथून हलायचं नावच काढणार नाही.

दुपार
आली. दारातच गालाले गाल लावला, तीनदा. उत्तमराव होते तोवर एवढे जवळ चारचौघांत कधी आले नाहीत. समोरची शकुन गॅलरीतून पाहून राहिली होती. पाहू दे.

४ ऑगस्ट, रविवार
बाहेरदेशाचं लेकरू, तिखट सोसणार नाही म्हणून फिक्कं वरण केलं. तिनं बॅगेतून डबी काढली, लाल भुकटी वरणावर ओतली अन् मुकाट जेवली. मी बोटभर चाखून पाहिली. दोन गिलास पाणी, वरून गूळ.
ठराव: तिखट हळूहळू वाढवायचं. माझं.

समाजसेवेचा आज पहिला रविवार, अन् बाई गेलीच नाही! दहा ते बारा माझ्याजवळ बसून लसूण सोलला. हिंदी पिक्चर पाहून हिंदी शिकली, म्हणून बोलणं जमते. झोप येते का, घरी कोण येते, दिवसभर कोणाशी बोलता, असं विचारून राहिली. वऱ्हाडी बायांचा अभ्यास करत असेल. मॅडमले सांगणार नाही. पोरगी नवीन आहे.

७ ऑगस्ट, बुधवार
म्हणे आज उपास. मी खुश. तुपातली साबुदाण्याची उसळ केली, वर दही. तूप नाही चालत, दही नाही चालत. कांदा चालते, वांगं चालते! म्हटलं, हा कोणता उपास? म्हणे, बुधवारी अन् शुक्रवारी आमचा असाच. उसळ मीच खाल्ली. माझा उपास नव्हता.

१८ ऑगस्ट, रविवार
समाजसेवा आजही बुडवली. वरून मले म्हणे, माय, चला फिरायले, रस्ता दाखवा. दाखवला. परत आल्यावर ध्यानात आलं, ह्याच रस्त्यानं ती रोज कॉलेजले जाते. विसरभोळी आहे. माझ्याशिवाय हिचं कसं होईल?

वाटेत शकुन भेटली. गच्चीवरच्या वाळवणापायी आमचा दोन वर्षांचा अबोला. हिरूतनं तिले तीनदा गाल लावला अन् आम्हा दोघींच्या मधात उभी राहिली. आता काय मुक्यानं उभं राहा लागते? म्हटलं, कुरड्या कशा झाल्या औंदा. ती म्हणे, तुले काय करायचं? एवढंच बोललो. बोलली म्हणजे बोललीच.

२५ ऑगस्ट, रविवार
डायरी आठवडाभर राहिली. कामं असतात.
पोरीले घर सोडून करमत नाही. आज पुन्हा माझ्याजवळच. मले अमरावतीले फोन लावायले लावला. मी विचारलं, बरी आहेस? ती म्हणे हो. मी ठेवून राहिली होती, तर हिरूतनं हात धरला. मग वीस मिनिटं बोललो. दामिनी रडली. सर्दी असेल.

११ सप्टेंबर, बुधवार
आज तिचं नवीन वर्ष. तिच्या देशात आता २०१७ लागलं म्हणे. उत्तमराव गेले २०२० ले, म्हणजे तिथं ते अजून हयात आहेत. हे तिले नाही सांगितलं.

तव्यावर कॉफीचे दाणे भाजले, घरभर धूर. शेजारच्या सात बाया वास घेत आल्या. शकुन पण. एकेकीले तीन कप घ्याच लागते, दोन कपांवर उठलं तर अपमान होते. उत्तमराव गेल्यावर एवढ्या बाया पहिल्यांदाच घरात हसल्या. हिरूतसाठी आल्या होत्या. मी फक्त मधात बसली होती.

१३ ऑक्टोबर, रविवार. दुपार
टेबलावर तिचा कागद होता. मराठीत होता म्हणून वाचला, एक-एक अक्षर लावून. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सोबत. स्वयंसेवक, हिरूत. लाभार्थी, माणिकबाई उत्तमराव. वय साठ.

लाभार्थी मी! दर रविवारची समाजसेवा मी! अन् साठ कोणाचं? मले चोपन्न चालू आहे.

दामिनीले फोन करून झाडली. म्हणे, अर्ज मीच भरला, वय पण मीच वाढवलं. अमरावतीले ये म्हटलं तर येत नाहीस, फोन दोन मिनिटांत ठेवतेस, मग मी काय करू आई? मी फोन दोन मिनिटांच्या आतच ठेवला.

हिरूतले म्हटलं, मले माणसाची गरज नाही. गरज तुले आहे. ती म्हणे, हो माय. असं हो म्हणणारीवर अजूनच राग येते.

२७ ऑक्टोबर, रविवार
तीन महिने भरत आले म्हणून आकांक्षा मॅडम आल्या. आता दाखवूनच देते म्हटलं. सांगितलं, झोप उत्तम. जेवण दोन्ही टाइम. फिरणं रोज. शकुन येते, लेकीचा फोन येते. माझं काही अडत नाही, कोणावाचून अडत नाही.

मॅडम एवढ्या खुश झाल्या की बस. म्हणे, मावशी, मग हिरूत मोकळी झाली. डाबकी रोडवर पार्बताबाई आहेत, अठ्ठ्याहत्तरच्या, पाहायले कोणी नाही. त्यांची खोली रिकामी आहे, एक तारखेपासून तिथं जाईल. हिरूतले विचारलं. ती माझ्याकडे पाहून म्हणे, माय म्हणेल तसं.

मी म्हटलं, न्या न्या, खुशाल न्या. वरून लाडूचा डबा दिला.

२८ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी नऊ
वर बॅग भरणं चालू आहे. चेनचा आवाज खाली येते.

मॅडमले फोन केला. म्हटलं, काल सांगायचं राहिलं, माझे गुडघे दुखतात. चक्कर येते. झोप तर डोळ्याले नाही. जेवण जात नाही. मॅडम म्हणे, मावशी, काल तर तुम्ही ठणठणीत होत्या! म्हटलं, काल हिरूत होती.

मॅडमनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणे, बरं, राहू द्या तिले तिथंच. पण आणखी तीन महिन्यांसाठी लाभार्थी म्हणून कागदावर सही करा लागेल. म्हटलं, पार्बताबाईकडे रविवारी आम्ही दोघी जाऊ. त्या बाईले कोणीतरी वळण लावा लागते. सहीचं ऐकू आलं नाही असं केलं.

दुपार
कागद आला. वय साठच होतं. सही केली.

हिरूतनं विचारलं, माय, कशावर सही केली? म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी आहे. ती हो म्हणाली अन् वांगी चिरायले बसली.