ती सूर्य

पावस,
२ मे २०२५

चि. सौ. नीरजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघी स्टुटगार्टला सुखरूप पोचल्याचा अपूर्वचा फोन आला. जिवाला बरं वाटलं. आंब्याच्या वड्या कस्टमवाल्यांनी काढून घेतल्या नाहीत हे ऐकून गोदूबाईला तर विजय मिळाल्यासारखं झालंय.

इकडे सर्व ठीक. हापूस या वर्षी कमी धरला, पण जो आला तो गोड आला. माझा गुडघा तक्रार करतो, मी ऐकून घेतो. मांजरीने माळ्यावर तीन पिल्लं घातली. उमाच्या निळ्या चपला पडवीतच राहिल्या आहेत. एक सुलटी, एक पालथी, तिने भिरकावल्या तशाच. गोदूबाई केर काढताना त्यांना वळसा घालते. उचलून ठेव म्हटलं तर म्हणते, "ऱ्हाऊ देत वो भाऊ. पोर आत्ताच आत गेल्यासारखं वाटतं."

आता तू म्हणशील, फोन असताना बाबा पत्र कशाला लिहीत बसले? मोजणी खात्यात पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी कागदावर काढल्या, त्यामुळे कागदाची सवय, हे एक कारण. तेवढंच असतं तर हा मजकूर आंब्यावरच संपला असता. फोनवर जे तोंडातून निघत नाही, ते लिहायचं आहे. जरा धीर धर.

गेल्या गणपतीत तू व्हिडिओ कॉल केला होतास. घर माणसांनी भरलेलं, आरती नुकतीच संपलेली. उमाने चित्र दाखवलं: डोंगर, दोन झाडं, मधून वर येणारा पिवळा गोळा. "आजोबा, बघा, ती सूर्य आली!"

मला हसू आलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मी फोन सगळ्यांसमोर धरला आणि म्हटलं, "उमे, परत म्हण गं, कोण आली?" तिला वाटलं चित्र आवडलं. तिने आनंदाने परत सांगितलं. सगळे खो खो हसले. आमचे शेजारी महिपतराव तर प्रसादाची वाटी सांभाळत म्हणाले, "सूर्याला लुगडं नेसवलंन पोरीने!" मी तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं. तेव्हा तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चित्र हळूच खाली घेतलं.

ते खाली जाणारं चित्र मी पाहिलं होतं, नीरजा. पाहिलं नाही असं स्वतःला सात महिने सांगत राहिलो.

वर तुलाच विचारलं, "घरात मराठी बोलत नाही वाटतं कोणी?" तू म्हणालीस, "बाबा, त्यांच्या भाषेत सूर्य..." आणि मी तुझं वाक्य तोडलं. "भाषा कुठलीही असो, सूर्य तो सूर्यच!" असं काहीतरी बाणेदार बोललो. दिवसभर नोकरी करून, थकून घरी आल्यावर तू त्या पोरीला रोज मराठीत गोष्ट सांगतेस, बाराखडी गिरवून घेतेस, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो.

त्यानंतर दर रविवारी फोन केला की उमा पोहायला गेलेली असायची, नाहीतर अभ्यास असायचा, नाहीतर झोपलेली असायची. तू माझी समजूत घालत होतीस. मीही समजूत पटल्याचं दाखवत होतो.

एप्रिलमध्ये तू तिला माझ्याकडे दहा दिवस सोडून पुण्याला माहेरी तुझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलीस. गाडीत बसताना म्हणालीस, "बाबा, ती बोलली नाही तर मनाला लावून घेऊ नका." मी हसून मान हलवली. पण वाटलं, ही पोर अशीच मुकी परत गेली तर पुढच्या खेपेला मोठी झालेली असेल. मग मला काय ओळखणार?

पहिले चार दिवस माझ्या वाट्याला फक्त 'हो' आणि 'नको'. मी चौथीच्या पुस्तकातली सूर्योदयाची कविता चालीवर म्हणून दाखवली. सोन्याचा रथ, सात घोडे, राजाधिराज सूर्य! ती उठून मांजरीकडे गेली. गोदूबाईशी मात्र अखंड बडबड. स्वयंपाकघरातून ऐकू यायची आणि मी बाहेर पेपर उलटा धरून बसायचो. गोदूबाईने एकदा सुनावलंच, "भाऊ, तुमी सारख्या चुका काढताव. पोर बोलंल कशाला?"

पाचव्या दिवशी दोघी आंबे पिकवायची अढी लावत होत्या. उमा गवतावर एकेक आंबा असा ठेवत होती, जणू तो झोपलाय. गोदूबाई कौतुकाने मला म्हणाली, "बघा वो भाऊ, पोर कसं कामाचं हाय! दमलं ते, पण बसलं नाय."

उमा ताडकन उभी राहिली. केसांत गवत, दोन्ही हातांत आंबे.

"आजोबा! गोदूबाई मला 'ते' म्हणाली. तुम्ही हसला नाही!"

सात महिन्यांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य. मी आपला व्याकरणात शिरलो. "अगं, पोर हा शब्द तसाच आहे. ते पोर. चूक नाही ती."

"मग माझी पण चूक नाही. आमच्याकडे मुलगी 'ते' असते. आणि सूर्य 'ती' असते. सगळे म्हणतात. शाळेतल्या बाई पण म्हणतात. कोणी हसत नाही."

मी खालीच बसलो. गुडघा बोलला, पण त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. म्हटलं, "सूर्य बाई आहे तुमच्याकडे?"

"हो. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांना उठवते, आणि सगळ्यांना गरम ठेवते." मग जरा थांबून, "आईसारखी."

सत्तर वर्षं मी सूर्याच्या कविता म्हणतोय गं. सगळ्यांत तो राजा, नाहीतर योद्धा. पहाटे उठून घर ऊबदार करणारी बाई कधी कोणी दाखवलीच नव्हती. विचारलं, "आणि चंद्र?" म्हणाली, "तो." "आमच्याकडेही तोच! मामा आहे तो!" तर टाळी द्यायला तिने हात पुढे केला. हातात आंबा होता, तो निसटला. गोदूबाई ओरडली, पण टाळी झाली.

तर तुझं ते अर्धं राहिलेलं वाक्य तुझ्या लेकीने असं पूर्ण केलं. मी तेव्हाच ऐकून घ्यायला हवं होतं. चुकलो. तुला तेव्हा जे बोललो ते मागे घेतो.

संध्याकाळी आम्ही गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत बसल्यावर ती म्हणाली, "तिकडे माझ्या नावाला हसतात." का, तर तिकडे आजीला 'ओमा' म्हणतात. वर्गातली दोन मुलं हिला 'ओमा, ओमा, काठी कुठाय' म्हणतात. तुला सांगितलंय का तिने? नसेल तर रागावू नको, हळूच विचार. पुढे म्हणाली, "तिकडे नावाला हसतात. इकडे 'ती'ला हसतात. मग मी कुठे बोलू?"

"मी हसलो ते चुकलं," एवढंच म्हटलं. तिने समुद्राकडे बघतच विचारलं, "सगळ्यांसमोर हसला होता ना?" लेक वकिलीला घाल.

तेव्हा परतताना तिला घेऊन थेट महिपतरावांकडे गेलो. ओटीवर चारसहा माणसं होती. मी उभ्यानेच म्हटलं, "महिपतराव, ती सूर्य बुडाली हो आत्ताच. फार सुंदर दिसत होती."

"राजाभाऊ, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. गणपतीत मी या पोरीला हसलो, तुम्हालाही हसायला लावलं. चूक तिची नव्हती, माझी होती."

उमाने माझा हात घट्ट धरला होता. मग महिपतराव म्हणाले, "बरं, तुमची ती सूर्य पावसाळ्यात चार-चार दिवस येत नाही, ती काय माहेरी जाते?" आणि उमा हसली! पोट धरून हसली. "हो! आणि येताना लाडू आणते!" सगळे हसले, पण या हसण्यात ती आमच्याबरोबर होती. मला मेलं रडू येत होतं.

पुढचे दिवस काय सांगू! कान किटवलेन कार्टीने. मला त्यांची भाषा शिकवायला घेतली. सूर्याला काय म्हणतात ते तिने सांगितलं, तर माझ्या कानाला स्वच्छ 'सोनं' ऐकू आलं. "नाही हो आजोबा, नीट म्हणा!" मी पुन्हा सोनं. ती पुन्हा हसली. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "माझं सोनं गं ते!" तर लगेच प्रश्न, "'माझं' का? मी 'ती' ना?" म्हटलं, "फार लाडाचं माणूस असलं की आमच्याकडे त्याचं 'ते' होतं." तिने हे मनात कुठेतरी व्यवस्थित ठेवून दिलं असावं.

कारण रत्नागिरी स्टेशनवर, तू सामान मोजत होतीस तेव्हा, तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानात म्हणाली, "माझं आजोबा."

उभ्या आयुष्यात मी कोणाचं लिंग-वचन दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नाही. या वेळी सोडलं.

अपूर्वला आशीर्वाद. तुझ्या आईच्या डोळ्यांना कसं आहे, कळव. खालचा मजकूर मोठ्या अक्षरांत उमासाठी लिहिलाय. तिला मदत करू नको. अडली तर अडू दे, सावकाश लागेल.

चि. उमा,

माळ्यावर तीन पिल्लं आहेत. एक पिवळं आहे. त्याचं नाव सोनं ठेवलं.

तुझ्या चपला पडवीत आहेत. त्या न्यायला ये.

महिपत आजोबा रोज विचारतात, ती सूर्य आज किती वाजता उठली?

रविवारी फोन कर. मी तुझ्या भाषेत पाच वाक्यं पाठ केली आहेत. सगळी चुकणार आहेत. तू हसलीस तर चालेल, पण मग मला पुढचं शिकव.

तुझं,
आजोबा