टायर बदलण्याचे सविस्तर कारण

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मोटारीचे चारही टायर बदलण्यासाठी येत्या बुधवारी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मिळण्याबाबत (फेरअर्ज).

संदर्भ : माझ्या सोमवारच्या अर्जावरील आपला लाल शाईतील शेरा, "कारण अपुरे. टायर रविवारी का बदलता येत नाहीत, ते सविस्तर लिहावे."

महोदय,

वरील शेऱ्यास अनुसरून सविस्तर लिहीत आहे. आवक-जावकच्या टेबलावर बसून मी आजवर लोकांचे असंख्य अर्ज याच कारणासाठी परत पाठवले असल्याने कुरकुर करायला मला तोंड नाही.

१. टायर झिजल्याचे सर्वप्रथम कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने हवा भरताना निदर्शनास आणून दिले. "काका, पार गोटा झालाय याचा," असे त्याचे शब्द होते. माझ्या स्वतःच्या डोक्यावर टक्कल पडून जमाना झाला असल्याने मला हे आधीच दिसायला हवे होते. मी "बघू" म्हणालो. आपल्या कार्यालयात ज्याला "विचाराधीन" म्हणतात, त्यालाच घरी "बघू" म्हणतात, हे आपण जाणताच.

२. त्यानंतर मी पुढचे टायर मागे व मागचे पुढे, अशा बदल्या करवून घेतल्या. बदलीने कामात सुधारणा होत नाही, हा या विभागातला माझा प्रदीर्घ अनुभव असूनही मला चार दिवस काहीतरी केल्यासारखे वाटले.

३. टायरच्या खाचेत झिजेची एक खूण असते. नक्षी झिजून त्या खुणेला टेकली की टायर काढावा, असा साधा नियम आहे. मी चष्मा लावून, गुडघे टेकून, बॅटरीच्या उजेडात पाहणी केली. नक्षी खुणेला टेकली होती. खूणच थोडी वर आली असावी, असा निष्कर्ष काढून मी उठलो. उठायला शेजाऱ्यांनी हात दिला.

४. पुढे भाजी मंडईच्या वळणावर, रस्ता ओला असताना, गाडी माझे न ऐकता घसरत जाऊन फुटपाथला टेकली. कोणास इजा नाही. शेजारी बसलेल्या पत्नीस मी रस्त्यावर तेल सांडल्याचे सांगितले. तिने काच खाली करून रस्ता पाहिला व काच वर केली. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

५. मध्यंतरी पत्नीने गाडी चालवण्याचा परवाना काढला. पहिल्याच परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. (माझ्या परीक्षांचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.) तिच्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून ती पुलापलीकडे एकटीच राहते. दर बुधवारी तिच्याकडे डबा घेऊन जाण्यासाठी पत्नीने किल्ली मागितली. मी म्हणालो की टायर बरे नाहीत, तुझ्या जिवाला धोका नको. त्यावर तिने शांतपणे विचारले, "इतके दिवस मी शेजारी बसत होते, तेव्हा बरे होते का?"

मी किल्ली खिशातच ठेवली. ती दोन बस बदलून, मांडीवर डबा धरून जाते. परवाना तिने ड्रॉवरमध्ये जुन्या बटणांच्या डबीखाली ठेवून दिला आहे.

६. आता रविवारविषयी. टायरचे दुकान रविवारी उघडे असते व मी तेथे गेलोही आहे. एका रविवारी गर्दी पाहून परतलो. एका रविवारी टायर बदलण्याऐवजी गाडी धुऊन आणली. एका रविवारी मला झोप लागली. हे सर्व योगायोग आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. परंतु सोमवारी आपला शेरा वाचला आणि त्यातल्या "का"पाशी मी अडकलो. टायर खराब आहेत तोवर किल्ली माझ्याच खिशात राहते, आणि कोणाला तोंडाने "नाही" म्हणावे लागत नाही. मी टायरला जपत नव्हतो, साहेब, किल्लीला जपत होतो. लिहिताना लाज वाटते, पण आपणच सविस्तर मागितले आहे.

७. म्हणून बुधवार हवा. सकाळी टायर बदलून दुकानाच्या दारातच गाडी पत्नीच्या ताब्यात द्यावी, नव्या टायरवर पहिल्यांदा तिनेच गाडी चालवावी, आणि मला कार्यालयात सोडून तिने तशीच बहिणीकडे जावे, असा बेत आहे. तिला हे सांगितले असता ती म्हणाली, "आधी तुमच्या साहेबांची सही होऊ दे, मग बघू." माझा "बघू" माझ्याकडेच परत आला आहे. तिचा माझ्यावरचा विश्वास तूर्त आपल्या सहीवर अवलंबून आहे.

८. तरी सदर रजा मंजूर करावी ही विनंती. बिनपगारी केली तरी चालेल, फक्त "विचाराधीन" लिहू नये. दुपारच्या सत्रात मी हजर होईनच. उशीर झाल्यास तो चालकाचा दोष न धरता, शेजारी बसून विनाकारण "ब्रेक, ब्रेक" ओरडणाऱ्याचा धरावा.

आपल्या शेऱ्याने शहाणा झालेला,
(सही)
ज्येष्ठ लिपिक, आवक-जावक
दिनांक : आजचाच

सोबत :
१. मूळ अर्ज, आपल्या शेऱ्यासह.
२. टायरचे छायाचित्र. खालचा गुळगुळीत भाग टायरचा असून वरचा अर्जदाराचा आहे.
३. गाडीची किल्ली : जोडलेली नाही. टायर बदलेपर्यंत गाडी दारात उभी असून किल्ली आज सकाळी पत्नीच्या ड्रॉवरमध्ये परवान्याशेजारी ठेवली आहे. मी दोन बस बदलून आलो, दुसऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही. किल्ली परत मिळण्याबाबत माझा अर्ज आल्यास तो दप्तरी दाखल करावा.