दोघांचं इंजेक्शन

न्हावरे, वस्तीवरून
मार्च १९९७

तेजू,

माझी तीन लेकरं पोटातच गेली, म्हणून सासूबाई सोमवारी तुझ्या दाजींसाठी तुलाच मागायला येणार हायत. तुझ्या साडीचा रंग मला विचारला. मी हिरवा सांगितला.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. दाजींनी बाहेरून आणलेला गुप्तरोग हाय, लेकरं त्यानंच गेली. इंजेक्शन नवराबायको दोघांनी घ्यायचं आन् तवर निरोध वापरायचा, म्हंजी बरं होतं. मी घेतलं. दाजी म्हणले, मला काय धाड भरलीय.

त्यांनी इंजेक्शन घेतल्याबिगर हळद लावून घेऊ नको.

टपालपेटी गावात हाय. वस्तीवरची पत्रं दाजीच नेत्यात, आन् माझं पाकीट वाचल्याबिगर टाकत न्हाईत. म्हणून हे त्यांच्यासाठी बी लिवलंय.

तुझी अक्का,
सुषमा