मैदानाला न मानवणारी बाई

१४ जानेवारी १९८१

आज ती जुनी सकाळ आठवली. केळी उकडत टाकली, कॉफी गाळली, मग नवऱ्याचा, आन्सेल्मोचा, बेसबॉलचा गणवेश इस्त्रीला घेतला. त्या सकाळी एवढीच कामं होती. तो साखर कारखान्यातल्या रात्रपाळीहून थेट खेळायला जाणार होता, म्हणून गणवेश मीच मैदानावर नेऊन दिला, आणि पहिल्यांदाच खेळ बघायला थांबले. अमेरिकेहून खेळाडू निवडणारा एक माणूस त्याला पाहायला आला होता. आन्सेल्मो तिन्ही वेळा नुसती बॅट हवेत फिरवून परतला.

संध्याकाळी वसाहतभर झालं — बायको पनवती. तो हसला. "एर्सिलिया, तू आपली घरी रेडिओवर ऐक."

पाहुणा महिन्याभराने पुन्हा आला आणि त्याला घेऊन गेला. तिकडच्या मोठ्या संघात खेळलेला आमच्या वसाहतीतला पहिला माणूस. त्याचा सगळा खेळ मी स्वयंपाकघरात ऐकला.

१७ जानेवारी

मैदानाला त्याचं नाव देणार आहेत, २१ला, अंतिम सामन्याआधी. पहिला चेंडू मी टाकायचा. आमच्या वसाहतीच्या संघाचा मॅनेजर टोन्चो सांगायला आला, टोपी हातात फिरवत.

"चेंडू टाकलात की घरी सोडतो तुम्हाला, दोन्या एर्सिलिया. उन्हाचा त्रास होईल."

"सामना दिवे लावून आहे ना, टोन्चो?"

कॉफी तशीच टाकून गेला.

१८ जानेवारी

जाऊच नये. आपला संघ हरला, तर त्याच्या नावाच्या पहिल्याच दिवशी बोल माझ्यावर.

२० जानेवारी

आन्सेल्मोला जाऊन आज वर्ष झालं, त्याची प्रार्थना झाली. सगळे आल्याचा चहा पिऊन गेले. लिबोरियो बसून राहिला. आन्सेल्मोच्या पहिल्या संघातला आता तोच उरलाय.

"वहिनी, त्या दिवशी त्याचं बोट आधीच मोडलं होतं. रात्रपाळीत. पाहुण्याला कळलं असतं तर तो परत आला नसता. म्हणून तुमच्यावर ढकललं."

"कोणी?"

"आधी मीच बोललो. तो हो म्हणाला."

ते बोट मीच बांधलं होतं, संध्याकाळी. चेंडू लागला म्हणाला होता.

"आणि पुढे इतकी वर्षं, भावजी?"

"पुढे तो जिंकतच गेला. मग त्यालाही ते खरं वाटायला लागलं."

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तरी भांडले. मग त्याच्या फोटोपुढची मेणबत्ती बदलली.

दुखवट्याचे काळे कपडे आज उतरवले.

२२ जानेवारी

काल निळा झगा घातला. चेंडू टाकला. टोन्चो सोडायला आला, त्याला म्हटलं, बस. भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि शेवटपर्यंत पाहिलं. आम्ही हरलो.

आज सकाळी रेडिओ लिबोरियोला देऊन आले. म्हटलं, आता तुम्ही घरी ऐका.