सत्त्याहत्तर अंश

जांबे, ता. मुळशी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय स्वरदाताई,

नमस्कार. तुझ्या वॉर्डातली गर्दी ओसरली असेल आणि अकोल्याचं ऊन अजून सोसण्यासारखं असेल, असं धरून लिहिते. मी बरी आहे. फोन का करत नाहीस, असं तू विचारलंस. कागदावर क्रमाने सांगता येतं, एवढंच.

दिवाळीत घेतलेला स्लो कुकर आता रोज चालतो. सकाळी आठला डाळ, भाज्या, पाणी घालून 'लो'वर लावायचं. दुपारपर्यंत तिकडे बघावंही लागत नाही. आतापर्यंत मुगाचं कढण, दुधी-गाजराचं सूप आणि कोंबडीचं अळणी जमलं आहे. कढण आईच्या कढणाच्या जवळ जातं.

खाणारी मी एकटी नाही. खाली घरमालक जालिंदरदादा, त्यांची बायको सोनिया आणि आई साळूबाई राहतात. पूर्वी मेंढरं राखणारं घर. आता वर भाड्याच्या चार खोल्या आणि मागे गोठ्यात सोनियाच्या अकरा शेळ्या. माहेरून, माले गावाहून आणलेल्या दोन शेळ्यांच्या तिने अकरा केल्या. साळूबाईंना दात नाहीत. डिसेंबरात तापातून उठल्या तेव्हा काही जाईना, म्हणून मी वाटीभर कढण दिलं. तेव्हापासून रोज दुपारी जिना चढून येतात आणि कुकरच्या झाकणावर हात ठेवतात.

"ह्ये शिजतंय का निजतंय गं?"

"शिजतंय, आजी."

"मंग आवाज का न्हाई? आमच्या कुकराला शिट्टी तरी हाय. तुजं डबडं लई मुकाट."

बुधवारी त्यांना त्रास झाला. उलट्या, जुलाब. दोन दिवस सलाइन लावावं लागलं. शेळीचं दूध नीट तापवलं नव्हतं असं निघालं. सोनिया सध्या माल्याला आहे. साळूबाई घरी आल्या आहेत.

एक सहज विचारते. वय बहात्तर आणि किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ असेल तर ते आपोआप उतरतं का? किती दिवसांत? घाई नाही.

थंडी कमी झाली. सोनियाचे कपडे तीन दिवस दोरीवरच होते. काल मी काढून घडी घातली.

तुझी,
किमया


जांबे
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

तुझा मेसेज गुरुवारी आला. भरपूर पाणी द्या, तपासणी पुन्हा करा, आणि त्यांनी नेमकं काय खाल्लं ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. हे सगळं समजलं. त्याखाली तू एक ओळ लिहिलीस. "पत्रात सगळे आहेत. बुधवारी तू कुठे होतीस?"

मी घरी होते. बुधवारी मी घरून काम करते. सकाळी आठला कुकरमध्ये राजमा लावला. आदल्या दिवशी भिजवलेला, दोनशे ग्रॅम, दीड लिटर पाणी, 'लो'वर. दोन वाजता दाणा दाबून पाहिला, तो मऊ लागला. साळूबाईंसाठी रवीने घोटला, सालं गाळली, जिरं-तूप घातलं. त्यांनी वाटीभर खाल्लं आणि आणखी अर्धी वाटी मागून घेतली. माझी मीटिंग होती, म्हणून मी दोन चमचे चाखले तेवढेच. चार वाजता खालून सोनियाची हाक आली. हाक नव्हती ती, किंकाळी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुपारी काय खाल्लं? सोनिया म्हणाली, "दूध-भाकरीचा काला. आन् वरच्या ताईंचं सूप." दूध शेळीचं आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी सुपाचं विचारलंच नाही. जालिंदरदादा तिथेच ओरडले, "आईला कच्चं पाजलंस व्हय गं?"

"तापवलं हुतं. देवाशप्पथ तापवलं हुतं. ह्या ताईंनाच इचारा की!"

तिने माझ्याकडे पाहिलं. सकाळी ते दूध उतू गेलं तेव्हा मी तिच्या ओट्यापाशी उभी होते. पुसायला फडकं मीच दिलं होतं.

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला काही होतंय? मला साडेतीनपासून मळमळत होतं. मी गप्प राहिले. त्याच संध्याकाळी जालिंदरदादांनी सोनियाला माल्याला नेऊन सोडलं.

त्यानंतर मी कुकरची पुस्तिका उघडली. पान चौदा. राजमा आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच या भांड्यात घाला. नाहीतर त्यातलं विष मरत नाही. मंद आचेवर अर्धवट शिजला तर तो कच्च्यापेक्षा वाईट. आईच्या प्रेशर कुकरमध्ये ते दोन शिट्ट्यांत मरायचं, म्हणून आपल्याकडे हे कुणाला माहीत असायची वेळच आली नाही. लिहिताना हे कारण वाटत होतं. वाचताना सबब वाटते. पुस्तिका माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते ऐक. कुणाला सांगितलं नाही. ऑफिसातून तापमान मोजायची तार आणली. दिवसभर सेन्सर तपासणं हेच माझं काम, तुला माहीत आहे. शुक्रवारी रजा टाकून तेवढाच राजमा, तेवढंच पाणी पुन्हा लावलं. सहा तासांनी सत्त्याहत्तर अंश. उकळीला शंभर लागतात. शनिवारी परत लावलं. सत्त्याहत्तर. दुसऱ्यांदा मोजायची काही गरज नव्हती. सांगायला आणखी एक दिवस मिळाला, एवढंच.

ताई, मला भीती वाटते. खोली जाईल याची, पोलिसांची, ऑफिसात कळण्याची. जालिंदरदादांनी नुसतं "ताई, पाणी आलं का वर?" विचारलं तरी मला वाटतं, कळलं यांना. पण सगळ्यांत जास्त भीती साळूबाईंची वाटते. त्यांचं दूध बंद केलंय. भाकरी कशात कुस्करायची? दोन घासांवर उठतात. सोमवारी तपासणी आहे. तोवर क्रिएटिनिनचा आकडा वाढला असेल तर तो माझ्यामुळे वाढलेला असेल.

परवा त्या भिंत धरत वर आल्या. धाप लागली होती.

"सोनीला दूध तापवता येत न्हाई म्हनं. चौदा वरसं पाजती ती मला, तवा न्हाई मेले." मग कुकरकडे बोट. "लाव की तुजं डबडं. तुज्या हातचं जाईल मला."

मी म्हणाले, बिघडलाय. त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"पार गार पडलंय गं ह्ये."

मला वाटलं, त्या आता काहीतरी विचारतील. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलीस तू. जेवत जा."

आज सकाळी जालिंदरदादा अंगणात फोनवर बोलत होते. "अकराच्या अकरा घिऊन जावा. उंद्या सकाळी टेम्पो आना. दारात शेळीच नगं मला." सोनियाला हे माहीत नाही. ती परत येईल तेव्हा गोठा रिकामा असेल. आणि तो तिच्या चुकीने रिकामा झाला, हे या घरात कायमचं ठरलेलं असेल.

आता अकरा वाजले आहेत. जालिंदरदादा घरात आहेत. तुला आधी लिहिलं, कारण एकदा लिहून झालं की माझं लक्ष नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. या पानांचे फोटो तुला पाठवते, म्हणजे जिन्यातून मागे फिरता येणार नाही. कागद मी खाली घेऊन जाते. आवाज निघाला नाही तर यातूनच वाचून दाखवीन. पान चौदाही सोबत घेतलं आहे. नंतर ते म्हणतील तर त्यांच्याबरोबर, नाहीतर एकटी, आधी दवाखान्यात आणि मग माल्याला जाईन.

साळूबाई खालून हाक मारताहेत. "किमे, दुरुस्त झालं का गं डबडं?"

फोटो काढते आणि उतरते.

संध्याकाळपर्यंत फोन करू नकोस. मग कर. मी कागदावर लिहीत राहिले, कारण तू आवाजावरून ओळखतेस. आज ओळख.

साळूआजींना आजारी पाडणारी,
तुझी किमया