गाळलेला शुक्रवार

१६ जानेवारी २०१२, सोमवार
अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून मारेताचं सामान बोटीनं आलं. कीबोर्ड एक, जुना, बटणं शाबूत. खारवलेल्या गोमांसाचे डबे चार. बोटभाडं अठरा ताला. सख्खी बहीण म्हणून कीबोर्डाचे पैसे घेतले नाहीत, डब्यांचे घेतले. देव तिचं भलं करो.
ह्यांच्या दफनाला आलेल्या पाहुण्यांनी आधीच्या कीबोर्डावर कोको सांडला होता. आता कॉम्प्युटर चालेल. चर्चच्या गायकांची तालीम हे त्यात भरून ठेवायचे. ह्यांचा आवाज तेवढाच उरलाय. घर आवरताना मी यंत्रातलाही कचरा काढला (भरलेलं यंत्र वीज जास्त खातं), तेव्हापासून तो आवाज सापडत नाही. सापडेल. मी मॅट्रिक आहे.

१७ जानेवारी
सून इलिसा म्हणाली, यंत्राला मागच्या तारखेवर नेणारी सोय असते, सिस्टिम रिस्टोअर. उघडली तर पाटी: ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केली आहे. यंत्र मारेताच्या कचेरीतलं जुनं, तिथंच कुणीतरी बंद केली असणार. इलिसाचं म्हणणं, त्यानं सेटिंग मागे जातात, गाणी नाही. तरुण आहे, बोलते.
संकल्प: यंत्र ३० डिसेंबरवर न्यायचं.
गुरुवारी, २९ ला, रात्री हे झोपले ते उठले नाहीत. उजाडलं ते शनिवारी. तारखेची रेषा सरकवताना आमच्या सामोआनं मधला शुक्रवार गाळला, पागोनं नाही. डॉक्टरांनी दाखल्यावर ३१ लिहिलं. मधे हे कुठे होते, पाद्रीसाहेबही सांगत नाहीत. यंत्र मात्र अजून पागोच्या तारखेनं चालतं, आपल्यापेक्षा एक दिवस मागे. त्यात तो शुक्रवार झालेला आहे.

१९ जानेवारी
रस्ता सापडला. ग्रुप पॉलिसी, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम. तिथं ‘सिस्टिम रिस्टोअर बंद करा’ हे चालू आहे. म्हणजे बंद करणं बंद करायचं. स्वयंपाकघरात असं कुणी लिहीत नाही.
आज केलं नाही. भीती नव्हे. विजेच्या कार्डात भरलेले पैसे संपत आले होते.
संध्याकाळच्या प्रार्थनेत यंत्र घरघरलं. पहिला सूर लावण्याआधी हे घसा साफ करायचे, तसंच. मी स्तोत्र मधेच थांबवून वाट पाहिली. इलिसा म्हणाली, पंख्यात धूळ बसलीय. मी धूळ रोज पुसते.

२२ जानेवारी, रविवार
चर्चहून आल्यावर बसले. यंत्रात आज शनिवार, म्हणजे पाप नाही. इलिसानं टोमणा मारलाच, मग उद्या यंत्रात रविवार, आई, उद्या हात लावू नका. बरोबर आहे. म्हणून सगळं आजच.
‘बंद करा’ची खूण काढली. पुढच्या पानावर जपणूक, म्हणजे सिस्टिम प्रोटेक्शन, चालू केली. यंत्र बंद करून परत लावलं. सोय उघडली! हात जोडले. ह्यांची चटई पुढे ओढून ठेवली, ऐकायला बसता यावं म्हणून.
तारखांची यादी आली. तारीख एकच. आजची.
इलिसानं यादी खालवर करून पाहिली. मग हळू बोलली, “आई, सोय बंद होती ना, तेव्हाचे दिवस कुणी जपलेच नाहीत. आता इथून पुढचे जपेल.”
मी म्हटलं, ठीक. तरी बटण दाबलं. यंत्र काळं झालं, बराच वेळ चाललं, आणि जसं होतं तसं परत आलं. चटई गुंडाळली नाही. असू दे.

२३ जानेवारी, सोमवार
यंत्र कापडानं झाकलं. मारेताला लिहिलं:
कीबोर्ड चांगला आहे. तुझ्याकडे आज रविवार, चर्चला जाऊन आली असशील. एक विचारायचं होतं. तो शुक्रवार तुमच्याकडे झाला. उजाडलं, मावळलं. त्या दिवशी हे तुझ्याकडे आले होते का? आले असतील तर काही बोलले का, जेवले का? फोन करू नकोस, महाग पडतो. उलट टपाली कळव.