वाट पाहण्याची खूण

प्रिय धाकट्या,

फोन केला की तू दर वाक्याला 'ताई, आधी शांत हो' म्हणणार आणि तेवढ्यानंच माझं डोकं फिरणार. म्हणून लिहितेय, इथे तुला मधे बोलता येणार नाही.

तुमच्या समितीनं सगळ्या जगासाठी ठरवलेली प्रमाण चिन्हं आता आमच्याही ऑफिसात आली आहेत. सॉफ्टवेअरची आकृती कुणीही काढो, कुणालाही वाचता यावी, हा हेतू. त्याला मी कधीच नावं ठेवली नाहीत. पण कालची आमची अख्खी सकाळ बाणाचं टोक भरीव असावं की पोकळ, यात गेली. दोन शहाणी माणसं हमरीतुमरीवर आली. ज्या लिफ्टसाठी ती आकृती, तिचं दार उघडेल का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पहिल्या नोकरीत आपण दोघं एकाच फळ्यावर लिफ्टचं काम आखायचो. यंत्रानं जिथे थांबायचं तिथे तू नागमोडी रेघ काढायचास आणि किती वेळ, ते तिच्यावरच लिहायचास. आई एकदा घराची किल्ली द्यायला आली, फळ्याकडे बघून म्हणाली, 'इथे वाट बघायची वाटतं.' तुमच्या चिन्हांत ती रेघ बसली नाही. मुदत बाजूच्या टिपेत लिहा, असा नियम. मग आमच्या आकृत्या नव्या आवृत्तीत नेताना टिपा गळाल्या. आकृती तरीही नियमाला धरून, तपासणीत पैकीच्या पैकी!

प्रोग्रामरनं जे दिसलं ते लिहिलं. तोच तो, ज्याला आपण 'दोनदा' म्हणायचो, कारण कुलूपसुद्धा तो दोनदा ओढून बघतो. इस्पितळातल्या चाचणीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली आणि पुढच्या संदेशाची वाट बघत बसली. मुदत संपली की जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडायचं असतं. पण मुदतच नव्हती. आत एक नर्स आणि रिकामं स्ट्रेचर. दार कापून तिला बाहेर काढावं लागलं. स्ट्रेचर रिकामं होतं, हे आपलं नशीब.

ठपका दोनदावर आलाय. साहेबांचं म्हणणं, आकृती प्रमाणित आहे, म्हणजे चूक माणसाचीच. मी घसा बसेपर्यंत भांडले, पण घर की मुर्गी... त्यांना समितीतल्या माणसाचा शब्द हवा. सोमवारी चौकशी आहे, त्यातच त्याला कामावरून काढतील. धाकट्या, 'यात वेळ नीट दाखवता येत नाही, पण आता हा मुद्दा काढला तर मंजुरी लांबेल' हे तूच मला म्हणाला होतास. तेवढंच चौकशीत येऊन सांग. समितीतली खुर्ची जाईल, कळतं मला. तू नाही आलास तर मी सांगेन, तुझं नाव घेऊन. पण तू आपणहून आलेला मला हवा आहेस. रविवारीच ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. चिडलेय म्हणून काही तुला बाहेर झोपवणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई